९५ टक्के हवेची चटई: सिरॅमिक फायबर मॅट बनते कशी

सिरॅमिक म्हटलं की डोळ्यासमोर कप, टाईल, बेसिन असलं काहीतरी कडक आणि पडलं की फुटणारं येतं, त्यामुळे सिरॅमिकची चटई, ती पण मऊ, गुंडाळून काखोटीला मारता येईल आणि साध्या कटरने कापता येईल अशी, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटतच नाही. पण ती असते, नॉन-वोव्हन सिरॅमिक फायबर मॅट या नावाने. पांढरीशुभ्र, दिसायला कापसाच्या गादीसारखी, आणि भट्टीच्या आतून तिचे काही थर लावले की आत १००० अंश सेल्सियस असताना बाहेरचा पत्रा बराच थंड राहतो. (उघड्या हाताने मात्र हाताळू नका, का ते शेवटाकडे येईल आणि तो भाग खरंच महत्त्वाचा आहे.)

आधी नावातला गोंधळ काढू. नॉन-वोव्हन म्हणजे न विणलेली. सूत नाही, माग नाही, ताणा-बाणा नाही, सुटे तंतू एकावर एक आडवेतिडवे पडलेत आणि एकमेकांत गुंतून बसलेत, बस. आता विणत का नाहीत? कारण हे तंतू ठिसूळ आणि तोकडे असतात, त्यांना पीळ देऊन सूत काढायला गेलं तर तुटतात. सिरॅमिक फायबरचं कापड मिळतं बाजारात, पण त्याच्या सुतात व्हिस्कोजसारखा दुसरा धागा मिसळावा लागतो आणि शिवाय काचेच्या धाग्याचा किंवा धातूच्या तारेचा आधार द्यावा लागतो. मॅटला यातलं काहीच लागत नाही. आणि दुसरी गंमत म्हणजे ज्याला आपण सिरॅमिक म्हणतोय ते नवीन असताना खरं तर काच असते. वितळवून इतक्या घाईने गोठवलेली काच की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. हे लक्षात ठेवा, कारण या मॅटचं सगळं आयुष्य, जन्मापासून भंगारात जाईपर्यंत, त्या न मिळालेल्या वेळेवर चालतं.

आता उष्णता अडते कशाने, तर हवेने. छोटा हिशोब करून बघा. सगळ्यात जास्त चालणारी मॅट असते १२८ किलो प्रति घनमीटर घनतेची. ज्या काचेचे तंतू आहेत तिची घनता साधारण २६०० ते २७००. भागाकार केला तर मॅटच्या एकूण जागेपैकी जेमतेम ५ टक्के जागा काचेने व्यापलेली, उरलेली ९५ टक्के हवा. हवा स्वतः उष्णता फार कमी वाहून नेते, फक्त तिला हलू द्यायचं नाही, हलली की ती उष्णता उचलून पलीकडे पोचवते. मग हे बारीक तंतूंचं जंगल कशासाठी, तर हवा जागच्या जागी कोंडून ठेवण्यासाठी. याच कारणाने भट्टीत हवेऐवजी हायड्रोजन भरला की तीच मॅट एकदम कमी कामाची होते, कारण हायड्रोजन हवेच्या जवळपास ७ पट उष्णता वाहून नेतो आणि तो त्याच मोकळ्या जागांमध्ये जाऊन बसतो.

पण जास्त तापमानाला खरी डोकेदुखी हवा नसतेच, ती असते प्रारण, म्हणजे तापलेल्या वस्तूतून सरळ निघणारी उष्णता, शेकोटीसमोर बसल्यावर तोंडावर लागते ती. ही केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. २७ अंश सेल्सियस म्हणजे ३०० केल्विन आणि ९२७ अंश म्हणजे १२०० केल्विन, तापमान ४ पट झालं पण प्रारण ४ गुणिले ४ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे २५६ पट. हे प्रारण अडवायला वाटेत आडवे येणारे तंतू हवेत, आणि जितके बारीक आणि जितके जास्त तितकं चांगलं. म्हणून कारखान्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, दिलेल्या वजनात जास्तीत जास्त लांबीचा, जास्तीत जास्त बारीक तंतू काढायचा. किती लांबी? ३ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा तंतू धरा, माणसाच्या केसापेक्षा २० ते ३० पट बारीक. असा शुद्ध तंतू १ किलो घेतला आणि एकापुढे एक जोडत गेलात तर ५३,००० किलोमीटर भरतो, म्हणजे पृथ्वीला पूर्ण वेढा घालून वर उरेल. हा आकडा मी स्वतः दोनदा करून बघितला कारण पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

कच्चा माल साधा आहे, केओलिन म्हणजे चिनी माती, नाहीतर अल्युमिना (अल्युमिनियमचा ऑक्साईड) आणि सिलिका (वाळूतला मुख्य घटक) वेगवेगळे घेऊन मिसळायचे. केओलिनचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की तिच्या कणाकणात बांधलेलं पाणी असतं, वजनाच्या सुमारे १४ टक्के, ते भाजून घालवलं की उरतं साधारण ४६ टक्के अल्युमिना आणि ५४ टक्के सिलिका, आणि मॅटसाठी हवं असलेलं मिश्रण जवळपास हेच! निसर्गाने मापून दिलेलं. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. नुसती सिलिका वितळवली तर ती इतकी घट्ट चिकट असते की धार पडत नाही, नुसता अल्युमिना वितळवला तर तो पाण्यासारखा पातळ आणि थंड होताच स्फटिक बनवणारा, दोन्ही टोकं बिनकामाची. मध्ये कुठेतरी एक पट्टा आहे जिथे रस ओढला की त्याची तार निघते आणि ती तार काच म्हणूनच गोठते. माती आधी भाजून घेणं पण गरजेचं, नाहीतर ते बांधलेलं पाणी वितळलेल्या रसात वाफ होऊन उसळ्या मारेल. आणि माती स्वच्छ हवी, लोह आणि सोडा-पोटॅश हे त्यातले घरभेदी, थोडे जरी जास्त झाले तरी मॅट कमी तापमानाला आकसायला लागते. म्हणून भारी दर्जासाठी माती सोडून शुद्ध अल्युमिना-सिलिका वापरतात, आणि अजून वर जायचं असेल तर त्यात साधारण १५ टक्के झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचा ऑक्साईड, घालतात.

हे मिश्रण वितळवायला २००० अंशांच्या आसपास जावं लागतं. आता प्रश्न असा की २००० अंशांचा रस ठेवायचा कशात, कुठल्या विटेच्या भांड्यात ठेवला तर भांडंच त्यात विरघळायला लागेल. यावरचं उत्तर फार सुंदर आहे. भट्टी म्हणजे पोलादी टाकी, बाहेरून पाणी फिरवून गार ठेवलेली. गार भिंतीला लागलेला रस तिथेच गोठतो आणि त्याचं कवच तयार होतं, म्हणजे रस स्वतःच्याच गोठलेल्या कवचात उकळत राहतो, त्याचं भांडं तोच. गरम करायला विजेचे इलेक्ट्रोड रसात बुडवलेले असतात, मोलिब्डेनम धातूचे, कारण हा धातू २६२३ अंशांपर्यंत वितळत नाही. पण मोलिब्डेनमची एक खोड आहे, लालबुंद झालेला असताना हवा लागली की भराभर जळून धूर होऊन उडून जातो, म्हणून तो कायम रसाखाली बुडालेला ठेवायचा. वरून कच्च्या मालाची भुकटी पसरत राहतात, ती खालून वितळत जाते आणि वरून गोधडीसारखी उष्णता दाबून धरते. वीज वाहते ती थेट रसातून, रस स्वतःच हीटरची कॉईल. यात एक अडचण, थंड भुकटी वीज वाहत नाही! मग सुरुवातीला इलेक्ट्रोडच्या मध्ये ग्राफाईट किंवा कोकचा चुरा टाकून वाट करून देतात, तो तापतो, आजूबाजूचं वितळतं, आणि एकदा रसाचं डबकं झालं की मग रसच वीज घेतो. त्यामुळे अशी भट्टी एकदा चालू केली की दिवसरात्र चालवतात, मध्येच बंद पडून आतला रस गोठला तर सगळं पहिल्यापासून.

तळाला एक भोक, त्यातून पेन्सिलसारखी एक पांढरी तळपती धार खाली पडते. इथून पुढचा सेकंदाचा छोटासा तुकडा म्हणजे या सगळ्या धंद्याचा जीव. मॅट चांगली की वाईट हे इथेच ठरतं, पुढची सगळी मशिनं फक्त जे मिळालं ते निस्तरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

धारेचे तंतू करायच्या दोन पद्धती. एक फुंकून, म्हणजे धारेवर दाबाखालच्या हवेचा किंवा वाफेचा झोत मारायचा, धार फाटते आणि तिचे तुकडे ओढले जाऊन तंतू होतात. दुसरी चाकांवर, धार वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या कडेवर पडते, तिथून दुसऱ्या उलट्या फिरणाऱ्या चाकावर, कधी पुढे तिसऱ्यावर, चाकं मिनिटाला हजारो फेरे घेतात, रस कडेवरून बाहेर फेकला जातो आणि जाता जाता ताणला जाऊन तंतू होतो, चाकांभोवतीची हवा तो पुढे ढकलते. फुंकलेला तंतू बारीक आणि आखूड, चाकावरचा थोडा जाड पण लांब, अगदी वीतभर लांबीपर्यंत जातो. मजबूत मॅटसाठी चाकावरचा बरा कारण लांब तंतू जास्त गुंततात, आणि फुंकलेला बारीक तंतू कागद, बोर्ड, साच्यातल्या वस्तू अशा ठिकाणी जास्त वापरतात.

निसर्गात हे आधीपासून चालू आहे बरं का. हवाईच्या किलाउएया ज्वालामुखीजवळ लाव्हा उसळला आणि त्यावर वारा लागला की काचेचे सोनेरी केस तयार होतात, त्यांना तिथे ज्वालामुखीच्या देवीच्या नावावरून पेलेचे केस म्हणतात. आणि त्या केसांच्या टोकाला बऱ्याचदा काळे काचेचे थेंब असतात, ते पेलेचे अश्रू. कारखान्यातही अगदी हेच होतं, प्रत्येक तंतूचं डोकं म्हणून एक थेंब आधी उडतो, मागे शेपटी ओढत नेतो, ती शेपटी म्हणजे आपला तंतू, आणि डोकं तसंच गोठलं तर तो काचेचा मणी. या मण्यांना धंद्यात शॉट म्हणतात.

शॉट का होतो ते समजलं की अर्धं तंत्र समजलं. रसाची तार ओढताना दोन शक्तींची मारामारी चालते. पृष्ठताण म्हणतो गोल हो, थेंब हो. चिकटपणा म्हणतो थांब, तुटू नको, तार राहू दे. डिंक बोटांत घेऊन ओढा, लांब तार येते, पाणी ओढून बघा, थेंब पडतात. रस फार गरम झाला की पातळ होतो आणि पृष्ठताण जिंकतो, मणीच मणी. फार गार झाला की तार जाड राहते, ओढलीच जात नाही. मध्ये हवं ते तापमान धरायचं, आणि हे करायला वेळ किती तर क्षणापेक्षा कमी, कारण इतकी बारीक तार हवेत निघताच गोठते. धारेची जाडी थोडी बदलली, चाकाची कड थोडी झिजली, धार चाकावर जरा सरकून पडली, की लगेच शॉट वाढतो. चाकावरचा अनुभवी माणूस उडणाऱ्या ठिणग्यांवरून सांगू शकतो की बिघडतंय.

आणि इतकं करूनही वितळवून काढलेल्या अशा मालात वजनाने जवळपास निम्मा शॉट असतो. निम्मा! ०.२ मिलिमीटरचा एक मणी म्हणजे वाळूचा दाणा, डोळ्याला जेमतेम दिसणारा, पण त्यात जेवढी काच आहे त्यातून ३ मायक्रॉनचा ५९ सेंटीमीटर तंतू निघाला असता. मणी हवा कोंडत नाही, प्रारण फारसं अडवत नाही, नुसतं वजन वाढवतो. म्हणून एकाच घनतेच्या दोन मॅट शेजारी ठेवल्या, दोन्ही १२८ च्या, तरी कमी शॉटवाली जास्त चांगली अडवते, आणि घेणारा माणूस फक्त घनतेचा आकडा बघत असेल तर त्याला हे कळतच नाही. मॅट झटकल्यावर खाली जे बारीक रेतीसारखं पडतं ना, ते हेच.

तंतू आता हवेत तरंगत एका मोठ्या खोलीत येतात. खोलीच्या तळाला जाळीचा चालता पट्टा, खालून पंख्याने हवा ओढलेली, त्यामुळे तंतू पट्ट्यावर बर्फ पडावा तसे थर होऊन बसतात, बरेचसे जड मणी आधीच खाली गळतात. हा फुललेला थर तसाच गोळा करून विकला तर त्याला बल्क फायबर म्हणतात. याच टप्प्याला तंतूंवर थोडं तेलकट वंगण फवारतात, ते पुढच्या कामासाठी लागतं.

पुढचं काम नीडलिंग, आणि नॉन-वोव्हन मॅट म्हणजे काय ते इथे खरं कळतं. पट्ट्यावर पडलेल्या थरात जवळजवळ सगळे तंतू आडवे असतात, उभा एकही नाही, त्यामुळे तो थर हाताने पापुद्रे सुटावेत तसा सुटतो. त्याला ताकद कशाने द्यायची? गोंद घातला तर भट्टीत पहिल्याच दिवशी जळून जाईल. मग यावर गोधडीचीच युक्ती, टाके घालायचे, फक्त धागा न घेता. एका फळीवर हजारो सुया बसवलेल्या असतात, सुईला नेढं नसतं, तिच्या कडांवर टोकाच्या दिशेने तोंड असलेल्या बारीक खाचा असतात. फळी मिनिटाला शेकडो वेळा खालीवर होते, सुई आत शिरताना खाचेत वरचे काही तंतू अडकतात आणि ती ते थरातून उभे खाली ओढून नेते, बाहेर येताना खाचेची दिशा उलटी पडते म्हणून तंतू तिथेच सुटून राहतात. वरूनही सुया, खालूनही सुया. झाला टाका, तोही मॅटच्याच तंतूचा. म्हणजे मॅट तिच्या स्वतःच्याच तंतूंनी शिवली जाते आणि त्यात जळण्यासारखं काही शिल्लक राहत नाही, म्हणून नीडल केलेली मॅट भट्टीत पहिल्यांदा तापवली तरी धूर सोडत नाही.

यात तोल सांभाळायला लागतो. टाके कमी पडले तर मॅट पापुद्र्यांनी उलगडते, जास्त मारले तर ठिसूळ तंतू तुटून भुगा होतो आणि ताकद उलट कमी होते. वंगण म्हणूनच फवारलेलं असतं, ते नसेल तर काचेचे तंतू सुईवर घासून तुटतात आणि सुयाही लवकर बोथट होतात. अजून एक बारकी गोष्ट, उभा ओढलेला प्रत्येक तंतू हा उष्णतेला आरपार जायची छोटीशी वाट असतो, त्यामुळे ताकद आणि इन्सुलेशन यांच्यात थोडी देवाणघेवाण होतेच, फुकट काही मिळत नाही.

नीडलिंगनंतर मॅट एका लांब ओव्हनमधून जाते, साधारण ६०० ते ७०० अंशांना. वंगण जळून जातं आणि वाकलेल्या तंतूंमधला ताण सैल होऊन ते त्याच गुंतलेल्या आकारात स्थिरावतात. मग कडा कापायच्या, रोल करायचे, खोक्यात भरायचे. जाडी ६ ते ५० मिलिमीटर, घनता ६४, ९६, १२८, १६० अशी ठरलेली. ६४ ची स्वस्त पडते पण जास्त तापमानाला प्रारण तिच्यातून पार होतं, ९००-१००० च्या पुढे जायचं असेल तर १२८ च्या खाली जाऊ नये असं मला वाटतं.

दुसरा रस्ता ओला आहे, कागद बनवतात तसा. बल्क फायबर पाण्यात घालून कापतात, घुसळतात, त्या घुसळण्यात बरेचसे मणी सुटून तळाला बसतात, आणि मग तो लगदा जाळीवर ओततात, खालून व्हॅक्यूमने पाणी ओढलं की वर चटई उरते. इथे तंतू आखूड झालेले आणि सुया नाहीत, त्यामुळे बाईंडर, म्हणजे तंतू चिकटवून धरणारं काहीतरी, लागतोच, स्टार्च किंवा लेटेक्स हाताळण्यापुरता, आणि कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकेचे अतिबारीक कण, तापल्यानंतरच्या ताकदीसाठी. वाळवताना पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि सिलिकाही सोबत घेऊन येतं, म्हणून असे बोर्ड बाहेरून कडक आणि आत मऊ निघतात, कापल्यावर फरक लगेच दिसतो. आणि हे बोर्ड-कागद पहिल्यांदा तापवले की धूर आणि वास येणारच, स्टार्च जळतोय, घाबरू नका पण खिडक्या उघड्या ठेवा.

या ओल्या रस्त्याची सगळ्यात हुशार वस्तू गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असते. आत जाळीदार सिरॅमिकची वीट, बाहेर पोलादाचं कवच, आणि तापल्यावर पोलाद कितीतरी जास्त प्रसरण पावतं, वीट जवळजवळ नाहीच. म्हणजे नेमकं गरम असताना, धक्के बसत असताना फट वाढते आणि वीट सैल होऊन फुटायची वेळ येते. त्या फटीत अशी मॅट बसवतात जिच्यात फायबरसोबत व्हर्मिक्युलाईट नावाचं खनिज मिसळलेलं असतं, ते तापलं की त्याच्या थरांमधल्या पाण्याची वाफ होऊन ते एकॉर्डियनसारखं फुलतं आणि वाढलेली फट भरून काढतं.

फार जास्त तापमानासाठी मात्र वितळवायचा रस्ताच सोडावा लागतो, कारण साधारण ६० टक्क्यांच्या वर अल्युमिना गेला की रस तारेला येत नाही. तिथे न वितळवता तंतू काढतात. अल्युमिनियमच्या क्षाराचं पाण्यातलं द्रावण, थोडी सिलिका, आणि तार यावी म्हणून थोडं पॉलिमर, असं घट्टसर द्रव करून त्याचे तंतू गार असतानाच ओढायचे, वाळवायचे आणि मग भाजायचे. पाणी-पॉलिमर निघून जातं, उरतो स्फटिकी अल्युमिनाचा किंवा मुल्लाईटचा (अल्युमिना आणि सिलिका मिळून होणारा स्फटिक) तंतू. ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीने १९७० च्या दशकात सॅफिल नावाने असा तंतू आणला. यात शॉट जवळजवळ नसतो, १६०० अंशांपर्यंत चालतो, आणि किंमत साध्या फायबरच्या मानाने खूपच जास्त.

आता पाकिटावरच्या आकड्याबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. मॅटवर १२६० अंश लिहिलेलं असतं, झिर्कोनियावालीवर १४३०, आणि लोक समजतात की तितक्या तापमानाला ती रोज चालेल. तसं नाहीये. हे वर्गीकरण तापमान आहे, त्या तापमानाला २४ तास ठेवल्यावर मॅट किती आकसते ते मोजतात आणि ४ टक्क्यांची मर्यादा पाळली की तो वर्ग मिळतो. सतत वापरायचं तापमान साधारण १०० ते १५० अंश खाली धरायचं, आणि भट्टीतली हवा खराब असेल, सोडा किंवा पोटॅशची वाफ असेल, तर अजून खाली.

आकसते का, तर सुरुवातीला सांगितलेली ती न मिळालेली वेळ. कारखान्यात अणूंना रांगेत बसू दिलं नव्हतं, भट्टीत त्यांना तापमान पण मिळतं आणि महिनोन्‌महिने वेळ पण मिळतो. साधारण ९५० ते १००० अंशांपासून काचेत मुल्लाईटचे बारीक स्फटिक उगवायला लागतात, त्याने तंतू आकसतो आणि ठिसूळ होतो. अजून वर, ११००-१२०० च्या पुढे, उरलेली सिलिका क्रिस्टोबलाईट नावाचा स्फटिक बनवते, आणि हा थंड होताना २०० ते २७० अंशांच्या दरम्यान एकदम आकार बदलतो, म्हणजे भट्टी बंद केली की तंतूंना आतून तडे. म्हणून जुनी मॅट हात लावला की चुरते. भट्टी बांधणारे हे गृहीत धरून चालतात, मॅट भिंतीला नुसती पसरून लावण्यापेक्षा तिच्या घड्या घालून, दाबून, बांधून ठोकळे करतात आणि भिंतीत बसवल्यावर बंध कापतात, दबलेल्या घड्या फुलून फटी मिटवतात आणि पुढे आकसलं तरी थोडी शिल्लक राहते.

आणि आता ते उघड्या हाताचं. इथे मला कुणी घाईत वाचून पुढे जाऊ नये असं वाटतं. जो तंतू ३ मायक्रॉनहून बारीक आणि ५ मायक्रॉनहून लांब आहे तो श्वासातून फुफ्फुसात खोल जाऊ शकतो, आणि आपल्या मॅटमधले भरपूर तंतू याच मापाचे आहेत, बारीकपणा हाच तर तिचा गुण होता. आत गेलेला अल्युमिना-सिलिकाचा तंतू सहज विरघळत नाही. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, १९८८ मध्ये आणि परत २००२ मध्ये तो माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या २बी गटात ठेवला, युरोपात तो त्याहून कडक वर्गात आहे आणि २०१० मध्ये तिथल्या अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत गेला. यातूनच कॅल्शियम-मॅग्नेशियम सिलिकेटचे तंतू पुढे आले, बनवायची पद्धत तीच, धार, चाकं, सुया, फक्त रसात अल्युमिनाऐवजी चुना आणि मॅग्नेशिया, त्यामुळे शरीरातल्या द्रवात तंतू बऱ्याच लवकर विरघळतो. जिथे तापमान त्यांना झेपतं तिथे हेच घ्यावेत, यात मला तरी दुमत नाही. धूळ त्यांचीही होते, मास्क त्यांनाही लागतो.

सगळ्यात धोक्याचं काम नवी मॅट लावणं हे नसून जुनी काढणं आहे. नव्या मॅटमध्ये लवचिक काच असते, जुन्या मॅटच्या गरम बाजूला ठिसूळ भुगा असतो आणि त्यात क्रिस्टोबलाईट असू शकतो, जो स्फटिकी सिलिका आहे आणि स्फटिकी सिलिकेची धूळ आयएआरसीच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात आहे. भट्टी पूर्ण थंड होऊ द्या, काढायच्या आधी मॅटवर पाण्याचा बारीक फवारा मारा, कोरडा झाडू आणि हवेचा पाईप अजिबात नको कारण त्याने तीच धूळ परत उडते, बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. तोंडाला चांगल्या दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, रुमाल बांधून काही होत नाही. अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा. ते कपडे घरच्या कपड्यांसोबत धुवायला टाकू नका. ओला भुगा जाड पिशवीत भरा, तोंड बांधा, पिशवी बाहेरून पुसून घ्या, आणि मास्क सगळ्यात शेवटी काढा.